ओढून घातलेला टाका

दौंडच्या दवाखान्यात जखमांनाही हंगाम असतो. दिवाळी उलटली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या भीमाकाठच्या फडांत उतरतात आणि कोयत्याने कापलेली माणसं यायला लागतात. जखमा बहुतेक डाव्या अंगाला, म्हणजे ऊस धरणाऱ्या हाताची बोटं, नाहीतर नडगी. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे दुचाकीचे अपघात मात्र बाराही महिने चालू असतात. कुरकुंभच्या एमआयडीसीतून पत्र्याने चिरलेले हात येतात, शाळांच्या पायऱ्यांवर फुटलेली पोरांची कपाळं येतात. या सगळ्यांची कातडी शिवण्यात माझी डॉक्टरकी गेली. पोटाची मोठी ऑपरेशनंही मी केली, पण आतलं कुणाला दिसत नाही. बाहेरचा व्रण माणूस जन्मभर बाळगतो, रोज आरशात बघतो. त्यामुळे माझ्या हातून बिघडलेलं काम मला अजूनही बाजारात, लग्नकार्यात, स्टेशनच्या जिन्यावर समोर भेटतं.

पहिली काही वर्षं माझा एकच नियम होता: टाका घट्ट हवा, सुटता कामा नये. शिकताना रात्रपाळीला आमच्या हाती कातडीच यायची आणि वरिष्ठांना धास्ती असायची ती जखम उसवण्याची. पोटाचा थर बंद करताना जाड धागा आणि लांबवरून घेतलेला टाका लागतोच. तोच हात मी चेहऱ्यावर चालवला.

केडगावकडची एक शाळकरी मुलगी गालाला पत्रा लागून आली होती. जखम दीड इंचाची, सरळ, स्वच्छ. यापेक्षा सोपी जखम सर्जनला मिळत नाही. मी ती जाड, तीन-शून्य काळ्या रेशमाने शिवली, कडेपासून बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून, गाठी ओढून. गाठ आवळली की टाक्याखालची कातडी पांढरी पडत होती. ते मला दिसत होतं आणि त्याचा अर्थ मी ‘टाका पक्का बसला’ असा घेत होतो. खरा अर्थ असा होता की तेवढ्या जागेचं रक्त मी थांबवलं होतं. केसपेपरवर सवयीने लिहिलं, ‘दहा दिवसांनी टाके काढणे’.

टाके काढले तेव्हा मूळ जखम भरली होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग आणि त्यांना जोडणारे आडवे वळ उमटले होते. सर्जन या खुणांना रेल्वे ट्रॅक म्हणतात. तिच्या आईने विचारलं, “हे जाईल ना हळूहळू?” मी म्हटलं, “जाईल.” ते जाणार नव्हतं. बारीक लाल रेघ वर्ष-दीड वर्षात फिकट होते, टाक्यांची भोकं मात्र राहतात. काही वर्षांनी तिच्या वडिलांनी सहज बोलता बोलता सांगितलं की फोटो काढायचा म्हटलं की ती मान वळवून उभी राहते. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, म्हणून ते मला अधिक लागलं.

हे का होतं ते पुस्तकात होतं आणि मी वाचलेलंही होतं. धाग्याच्या वेढ्याखाली दाबली गेलेली कातडी मरते, तिथे आडवा वळ पडतो. दुसरं म्हणजे सुईच्या भोकातून वरच्या त्वचेच्या पेशी धाग्याचा आधार घेत आत उतरायला लागतात. आठवडा गेला की त्या भोकाला आतून स्वतःचं अस्तर लागतं आणि मग धागा काढला तरी भोक बुजत नाही. म्हणून चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवसापर्यंत निघायला हवेत. डोक्याच्या किंवा अंगाच्या जखमेला सात ते दहा दिवस चालतात, पायाला आणि सांध्यावर दहा ते चौदा. माझा ‘दहा दिवसांनी’ हा शेरा गालालाही तोच होता आणि गुडघ्यालाही तोच.

पाचव्या दिवशी टाके काढायची भीती मला वाटायची आणि त्या भीतीला कारण होतं. दोन आठवडे झालेल्या जखमेचं स्वतःचं बळ मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. तीन महिन्यांनीही ते ऐंशी टक्क्यांच्या पुढे फारसं जात नाही. मग पाचव्या दिवशी धागा काढल्यावर जखम धरून कोण ठेवणार? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. उत्तर ठाऊक नसताना मी धागा जास्त दिवस ठेवत गेलो.

उत्तर मिळालं पुण्यात. एक ज्येष्ठ प्लास्टिक सर्जन मला सुट्टीच्या दिवशी शेजारी उभं राहू द्यायचे. एकदा दंडावरची गाठ काढल्यावर त्यांनी निडल होल्डर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वरून एकही टाका न घालता कडा जुळवून दाखवा.” मला ते जमलं नाही. त्यांनी करून दाखवलं. आधी कडांच्या खालची कातडी थोडी सैल केली. मग विरघळणारा धागा घेऊन सुई एका कडेच्या तळातून वर आणली, समोरच्या कडेत तेवढ्याच उंचीवर शिरवली आणि तळाशी बाहेर काढली. अशाने गाठ जखमेच्या खोल बुडाशी बसते. हा क्रम उलटा झाला तर गाठ वर राहते आणि महिन्याभरात कातडी टोचून बाहेर डोकावते. असे थोडेच टाके त्यांनी घातले आणि जखम बंद झाली. वर शिवायला काही उरलंच नव्हतं. मग केसासारखं बारीक, सहा-शून्य नायलॉन घेऊन त्यांनी कडेलगत बारीक टाके घातले, फक्त दोन्ही बाजूंची उंची सारखी करायला. सुई कातडीत तिरकी न घालता उभी घातली, मनगट वळवून खालून थोडं जास्त मांस घेतलं आणि गाठ बसली तेव्हा दोन्ही कडा वरंब्यासारख्या किंचित वर उचलल्या गेल्या. व्रण पुढे आकसतो आणि बसतो. म्हणून पहिल्या दिवशी सपाट दिसणारी जखम पुढे खळगा होते, उचललेली जखम सपाट होते. खळग्यात सावली पडते आणि चेहऱ्यावरचा व्रण लोकांना दिसतो तो बहुतेक त्या सावलीमुळे.

कडा धरायच्या चिमट्याबद्दलही ते फार काटेकोर होते. कड चिमट्यात चिरडू नका, दातेरी बारीक चिमट्याने आतल्या थराला धरून नुसती उचला, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. चिरडलेली कड दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि तिथे कुठलाही टाका कामाला येत नाही. ताण आतल्या थराने घ्यायचा आणि वरच्या टाक्यावर ताण येऊच द्यायचा नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. तोवर मी उलटं करत आलो होतो.

त्यानंतर मी वेगवेगळ्या टाक्यांकडे नव्याने बघायला लागलो. साधा सुटा टाका सगळ्यांत जुना आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचा. एखाद्या ठिकाणी पू झाला तर तेवढाच काढून पू वाहू देता येतो. व्हर्टिकल मॅट्रेस कडा छान उचलतो, पण जास्त दिवस ठेवला तर ट्रॅकच्या खुणा त्याच्याच सर्वांत वाईट. आडवा मॅट्रेस रक्तस्राव थांबवतो आणि त्याच कारणाने कडेचं रक्तही थांबवू शकतो. धावता टाका झटपट होतो, डोक्याच्या जखमेला उत्तम, पण एका जागी तुटला की सगळी रांग ढिली पडते. कातडीच्या आतून जाणारा सबक्युटिक्युलर टाका बाहेर एकही भोक ठेवत नाही. तो शिकल्यावर काही वर्षं मी जिथेतिथे तोच घातला, कारण तो घालताना सर्जनला स्वतःच्या हाताचं समाधान मिळतं. रस्त्यावर पडून मळलेल्या जखमेतही घातला आणि आत अडकलेल्या पुवाला वाट राहिली नाही. चेहऱ्याच्या छोट्या जखमांत विरघळणारा धागा आणि नायलॉन यांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे. काही महिन्यांनी पाहिलं तर व्रणात सांगण्यासारखा फरक दिसत नाही. कातडी चिकटवणाऱ्या गोंदाचंही तेच. व्रण टाक्यांइतकाच चांगला येतो, जखम उघडण्याचं प्रमाण थोडं जास्त. मी ज्या गोष्टींवर मित्रांशी तावातावाने वाद घालत होतो, त्या निकाल ठरवतच नव्हत्या.

ताण नसला तर टाकाही लागत नाही, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला 1792 च्या लढाईत टिपूच्या सैन्याने पकडलं. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तो वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढी कातडी उचलली, खाली वळवली आणि नाकाच्या जागी चिरून केलेल्या खाचेत तिच्या कडा बसवल्या. शिवलं काहीच नाही. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा धरला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिगत छापली आणि पुढे 1814 साली जोसेफ कार्प्यू यांनी तिच्या आधारे लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. ही गोष्ट मी शिकताना अभिमानाने ऐकली होती. वळवलेली कातडी त्या माणसाने मुळातच पुरेशी घेतली होती, तिला ओढावं लागलं नाही, म्हणून काताच्या पट्ट्या पुरल्या. या बाजूने मी त्या गोष्टीचा विचार फार उशिरा केला.

तंत्र हाती आल्यावरही चुका झाल्या आणि त्या वेगळ्या जातीच्या होत्या. यवतजवळ दुचाकीवरून घसरलेला एक तरुण रात्री उशिरा आला. कपाळ आणि वरचा ओठ फाटला होता, जखमेत डांबराची बारीक खडी होती. बाहेर अजून दोघे पडून होते. मी सलाइनने वरवर धुतलं आणि शिवलं. टाके सुरेख बसले. जखम भरल्यावर कपाळाच्या कातडीत निळेकाळे ठिपके दिसायला लागले. आत राहिलेली माती आणि डांबर गोंदल्यासारखं कायमचं बसलं होतं. त्या रात्री भूल देऊन ब्रशने नीट घासायला पंधरा मिनिटं जास्त लागली असती. सुश्रुताने शिवण्याचे चार प्रकार सांगितले आहेत, वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. ती नावं मला परीक्षेपुरती पाठ होती. पण शिवण्याआधी जखमेतली धूळ, केस, नखांचे तुकडे काढले नाहीत तर ती पिकते, हेही त्याने तिथेच सांगितलं आहे. टाका कडेपासून फार लांब घातला तर दुखतो, फार जवळ घातला तर कड फाटते, हेही.

त्याच तरुणाच्या ओठाचीही चूक माझीच. ओठाचा तांबूस भाग जिथे संपतो तिथे एक बारीक रेघ असते. ती मिलिमीटरभर जरी सरकली तरी समोर बसून बोलणाऱ्याला कळते. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठ सुजतो आणि ती रेघ हरवते. इंजेक्शनच्या आधी शाईने दोन ठिपके करून ठेवले असते तर पहिला टाका तिथेच घालता आला असता. मी सुजलेल्या ओठावर अंदाजाने घातला. त्याच्या ओठाला आजही तिथे एक पायरी आहे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त सलते ती एक न करायची शस्त्रक्रिया. पाटसकडची एक मुलगी, लग्न ठरलेली. छातीच्या मधोमध, ब्लाउजच्या गळ्याच्या वर, डाळीएवढा तीळ होता. तीळ निरुपद्रवी होता, वाढत नव्हता, दुखत नव्हता. तिला तो नको होता. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर यांनी 1861 मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडून दाखवलं होतं की भोकं गोल राहत नाहीत, त्या त्या जागेच्या ताणाच्या दिशेने लांबट होतात. मी त्या रेषा धरून, लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवून, व्यवस्थित डोळ्याच्या आकाराचा छेद घेतला. आतून टाके, वरून सबक्युटिक्युलर. पंधरा दिवसांनी रेघ शोधावी लागत होती. मी खूष होतो.

चौथ्या महिन्यात ती आली तेव्हा त्या रेघेच्या जागी लालसर, चकचकीत, खाजणारी गाठ उठली होती आणि मूळ छेदाच्या बाहेर पसरत होती. केलॉइड. छातीचं हाड, खांदा आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त होतो, घराण्यातही चालतो. ऑपरेशनच्या आधी तिच्या आईने मला सांगितलं होतं की हिचे कान टोचले तेव्हा मागे गाठ आली होती. मी “हो हो” म्हणून पुढे गेलो होतो. चौथ्या महिन्यातल्या त्या भेटीत तिचं कानातलं बाजूला करून पाळीची मागची बाजू पाहिली. वाटाण्याएवढी गाठ तिथे होती. कान उलटून बघायला क्षणभर पुरला असता. डाळीएवढ्या तिळाच्या जागी तिला बोटभर गाठ मिळाली, मग ट्रायमसिनोलोनची दुखरी इंजेक्शनं, सिलिकॉनच्या पट्ट्या आणि शेवटी सपाट झालेल्या पण पांढऱ्या पडलेल्या कातडीचा डाग. लग्नातला शालू तिने बंद गळ्याच्या ब्लाउजवर नेसला. माझ्या टाक्यांत कुठेही दोष नव्हता. तिथे टाका घालायलाच नको होता.

चेहरा आणि तीळ यांच्याबद्दल मी सहकाऱ्यांशी बोललो, परिषदांतही बोललो. नडगीबद्दल बोललो नाही. ऊसतोडीच्या जखमांच्या व्रणाचा विचार करायचा असतो, असंच मला बराच काळ वाटलं नव्हतं.

एका बाईच्या नडगीला कोयता लागला होता. नडगीवर कातडी पातळ, खाली लगेच हाड, रक्तपुरवठा तोकडा आणि सैल करायला जागा नाही. मी नायलॉनने ओढून मॅट्रेस टाके घातले, “दहा दिवसांनी या” म्हटलं आणि औषधं लिहून दिली. ती आली जवळजवळ महिन्याने. टाके कातडीत रुतले होते, काहींवर कातडी चढली होती आणि प्रत्येक वेढ्याशी पू होता. भूल देऊन सुरीच्या टोकाने एकेक धागा उकरून काढावा लागला. तो काढता काढता मी तिला बोलत होतो. वेळेवर यायला काय झालं होतं, स्वतःच्या पायाची काळजी नाही का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “टोळी पलीकडं हलली, सायेब. खाडा पडला की मुकादम पैसं कापतो. नवऱ्याचाबी खाडा, कोयता दोघांचा.”

नवरा-बायको मिळून एक कोयता, हे मला माहीत होतं. आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, हेही. दौंडमध्ये राहणाऱ्या माणसाला हे माहीत असतंच. पण टाका निवडताना ते माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या नडगीवर बसलेला व्रण पातळ आणि ताणलेला होता. उसाचे बुडखे लागून तो पुढच्या हंगामातही फुटायचा आणि ती पुन्हा खाडा पाडून यायची. विरघळणारा धागा महाग म्हणून गरिबाच्या जखमेला मी नायलॉन वापरत होतो, त्यात त्यांचे पैसे वाचतात असं समजत होतो. टाके काढायला येण्याचा एक खाडा त्या धाग्यापेक्षा महाग पडतो, हा हिशेब मी केला नव्हता.

आता जखम उघडून बघण्याआधी मी विचारतो, टोळीचा तळ कुठे आहे आणि कधी हलणार. जखम स्वच्छ असेल तर लवकर गळून पडणारा धागा, तोही थोडा आणि सैल. मातीने भरलेली किंवा उशिरा आलेली असेल तर आधी धुऊन उघडी ठेवणं आणि तीन-चार दिवसांनी शिवणं हेच बरोबर आहे. पण त्याला पुन्हा यावं लागतं, तेव्हा तळ जवळ असेल तरच ते जमतं. नायलॉन घालावाच लागला तर चिठ्ठी देतो, मराठीत, मोठ्या अक्षरात: टाके किती, कुठल्या तारखेला काढायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना ती वाचून टाके काढता यावेत, एवढीच तिची भाषा. चिठ्ठी गोळ्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, नाहीतर ती घामाने भिजते. टाके निघाल्यावर महिनाभर जखमेवर आडवी लावायची कागदी चिकटपट्टी सोबत देतो, कारण बळ यायच्या आत व्रण ताणला की रुंद होतो. आणि उन्हात काम करताना व्रणावर फडकं बांधायला सांगतो, नाहीतर कोवळा व्रण काळा पडतो.

चिठ्ठी घेऊन गेलेले पुष्कळजण परत येत नाहीत. कुणी पुढच्या हंगामात तापाखोकल्यासाठी आलं तर मी आधी पाय दाखवायला सांगतो. काहींच्या नडगीवर फिकट रेघ असते. काहींच्या त्याच जुन्या खुणा असतात, कारण टाके फडातच कुणीतरी उशिरा ब्लेडने काढलेले असतात. त्यांच्यासाठी दवाखान्यात बसून करण्यासारखं माझ्याकडे आणखी काही नाही. म्हणून यंदा जवळच्या तळांवर आठवड्यातून एकदा आपणच जाऊन टाके काढायचे असं ठरवलं आहे आणि मुकादमांशी बोलणं चालू आहे. ते म्हणतात, रात्री आठनंतर या, त्याआधी गाड्या भरून होत नाहीत.